बापूंचा फॉन्ट

"फॉन्ट टाकून द्या की अक्का, पाच मिनिटांचं तर काम."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कुणी नुसतं "फॉन्ट" म्हणालं तरी माझं डोकं तापायला लागतं. पाच मिनिटांचं काम आहे तर कर ना बाबा तूच. मला साखर पेठेतून तुझ्या प्रेसपर्यंत सोलापूरच्या उन्हात कशाला बोलावलंस? पण धंद्यात असं तोंडावर बोलायची सोय नसते. मग मी पदर खोचते, खुर्ची पुढे ओढते आणि त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय काय भरून ठेवलंय ते बघायला लागते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "अक्का, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, जरा हलकंफुलकं." मी हो म्हणाले. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की माझ्याजवळ हलकंफुलकं फारसं नाही. आमच्या घरात म्हणतात, पद्मा जन्मली तीच कपाळाला आठ्या घालून. ज्यांना दिवाळीत गोडच वाचायचंय त्यांनी सरळ पुढचा लेख काढावा.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले. घरात तेलुगू बोलतो. आमचे नान्ना, म्हणजे वडील, चादरीच्या मागावर होते. मी मराठी शाळेत शिकले आणि सगळा जन्म मराठी अक्षरं लावण्यात घालवला. अजून कुणीतरी विचारतंच, "तुम्ही तेलुगू ना? मग मराठी टायपिंग कसं काय?" जणू काही अक्षरं यांच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर आहेत. हां, एक मात्र खरं. मला तेलुगू वाचता येत नाही. नान्नांना गावाकडून आलेली पत्रं ते वाचून दाखवायचे तेवढीच मला कळली. ते गेल्यावर ती पत्रं कपाटात तशीच आहेत आणि मला ती नुसती बघता येतात. याची खंत आहे, पण तिच्यावर मी इथे लिहिणार नाही.

फॉन्ट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटरला अक्षर येत नाही. तो फक्त नंबर लक्षात ठेवतो. शाळेत नाही का, बाई नाव घेत नाहीत, नुसता हजेरी नंबर पुकारतात. बारा नंबर म्हटलं की वर्गातला बारावा पोरगा उठतो. पण तोच बारा नंबर शेजारच्या वर्गात पुकारला तर दुसराच कुणी उठेल. फॉन्ट म्हणजे तो वर्ग. जुन्या काळी मराठी फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकानं आपापला वर्ग आपल्या मनानं बसवला होता. एकाच्या वर्गात बारा नंबरला 'क', दुसऱ्याच्यात त्याच नंबरला 'ढ'. म्हणून एका फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा चिवडा होतो. फॉन्ट नसेलच तर इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि चांदण्या दिसतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, "अक्का, व्हायरस आलाय." आता सगळ्या जगाचा मिळून एकच हजेरीपट ठरलाय, त्याला युनिकोड म्हणतात. पण आमच्याकडच्या निम्म्या प्रेस अजून जुन्याच वर्गात बसलेल्या आहेत आणि त्यांना उठायचं नाही.

या एवढ्याशा गोष्टीपायी मी जिल्हा पालथा घातला. अक्कलकोटला एक लग्नपत्रिकावाले होते. त्यांना अर्धी पत्रिका मराठीत, अर्धी कन्नडमध्ये हवी असे. मी कन्नड फॉन्ट टाकून दिला आणि परत आले. दुसऱ्या दिवशी फोन, आवाज चढलेला, "तुमचा फॉन्ट बोगस आहे." पुन्हा एस.टी.नं गेले. बघते तर त्यांनी मराठी मजकूर निवडला होता आणि त्याला कन्नड फॉन्ट लावला होता. आता त्याचं कन्नड भाषांतर होईल म्हणून ते वाट बघत बसले होते. मी समजावून सांगितलं तर म्हणतात, "मग एवढा लांबून फॉन्ट आणून उपयोग काय झाला?" वैरागच्या एका अडत दुकानात मालकाच्या भावानं कुठूनसे हजारो फॉन्ट आणून कॉम्प्युटरात ओतले होते, दिसायला बरे दिसतात म्हणून. मशीन सुरू व्हायला बैलगाडीपेक्षा जास्त वेळ घ्यायचं. मी ते काढायला लागले तर त्यांनी माझा हात धरला, "राहू द्या की, कधीतरी लागतील." लागले नाहीत. लग्नात आलेली भांडी माळ्यावर असतात तसे ते पडून राहिले.

ही माणसं चिडवतात, पण मनातून मला आवडतात. त्यांना कळत नाही, एवढाच त्यांचा दोष. माझा खरा राग आहे तो ज्यांना कळत होतं त्यांच्यावर.

नवी पेठेत एक दुकान होतं. मालकांना सगळे बापू म्हणायचे. शहरातल्या अर्ध्या स्मरणिका, पंचांगं, अहवाल त्यांच्या दुकानातून निघत. मी कॉम्प्युटर शिकले तो तिथेच. बापू मन लावून शिकवायचे, हे मी नाकारत नाही. पण त्यांची एक पद्धत होती, आणि ती त्यांनी मोठ्या अभिमानानं आम्हाला सांगितली होती. बाहेरून आणलेला फॉन्ट घ्यायचा, अर्थातच कॉपी केलेला, विकत कुणी घेत नव्हतं. मग तो उघडून आतली अक्षरं इकडची तिकडे बसवायची. बाराचा क उचलून चाळीसला ठेवायचा, चाळीसचं दुसरीकडे. वर नाव आपलं द्यायचं. बापूंनी मुलीचं नाव दिलं होतं, रश्मी. मग त्या फॉन्टात केलेलं काम दुसऱ्या कुठल्याच दुकानात उघडायचं नाही. गिऱ्हाइकाला फाइल द्यायची, फॉन्ट द्यायचा नाही. पुढल्या वर्षी एक ओळ बदलायची झाली तरी ते झक मारत परत येणार.

"गिऱ्हाईक बांधून ठेवावं लागतं, पद्मा," ते म्हणायचे. चोरीच्या मालाला स्वतःचं कुलूप. आणि हे काही एकट्या बापूंचं नव्हतं, बऱ्याच दुकानांची रीत होती. आमचे नान्ना ऐकून हसले होते. मागावरच्या जकार्डाला भोकं पाडलेले पुठ्ठे असतात, त्यावरून चादरीवर मोर उठतो की वेल, ते ठरतं. नान्ना म्हणाले, "पुठ्ठे मालक कपाटात ठेवतो हे बरोबर आहे. पण विकलेल्या चादरीवरचा मोर उडून जातो का गं?"

मी पुढे वेगळी झाले, साखर पेठेत स्वतःचं दुकान टाकलं. माझी रीत उलटी. फाइल देईन तर सोबत फॉन्ट देईन. शेजारचे दुकानदार म्हणाले, अक्का बुडणार. बुडाले नाही. फार वरही आले नाही, ते जाऊ द्या.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानात एक बाई आली. पस्तिशीची असेल, दवाखान्याचा पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. नाव संघमित्रा. नर्स होती. तिच्या हातात एक सीडी होती, प्लॅस्टिकच्या डबीत, डबीला तडा गेलेला.

"मॅडम, ही उघडते का बघा. वडलांची गाणी आहेत."

तिचे वडील शाहीर भिकाजी. सूतगिरणीत कामाला होते, गिरणी बंद पडल्यावर कुठेतरी राखणदारी केली. दर जयंतीला, दर कार्यक्रमाला त्यांची गायनपार्टी असायची. गाणी स्वतः लिहायचे, स्वतः म्हणायचे. मी त्यांना एकदाच ऐकलं होतं, लहान होते तेव्हा, बुधवार पेठेतून येताना, गर्दीच्या मागे टाचा उंच करून. ते आता हयात नव्हते. त्यांच्या पुण्यस्मृतीला मुलीला पुस्तक काढायचं होतं.

"हातानं लिहिलेलं काही?" मी विचारलं.

"कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा असला तरी चालायचा. सगळं गोळा करून त्यांनी नवी पेठेत टाइप करायला दिलं होतं. पप्पा आजारी पडले म्हणून कागद परत मागायला मी गेले, तर दुकानदार म्हणाले, आता कागद कशाला, सगळं कॉम्प्युटरात सुरक्षित आहे. ही सीडी दिली. मग पप्पा गेले, छापायचं राहूनच गेलं."

मला दुकानाचं नाव विचारायची गरज पडली नाही. सीडी घातली, फाइल उघडली, आणि चौकट आली: 'रश्मी' हा फॉन्ट सापडत नाही. दप्तर घेऊन दुकानात यायची ती पोर मला आठवली. खाली पानभर डॉलर आणि चांदण्या.

"आईला सगळी पाठ आहेत," संघमित्रा म्हणाली. "पण आता तिला ओळी सुटायला लागल्यात. कधी एका गाण्याचं कडवं दुसऱ्याला लावते. ती आहे तोवर व्हायला पाहिजे, मॅडम."

मी माझ्याकडचा एकेक फॉन्ट लावून बघितला. प्रत्येक वेळी वेगळा चिवडा. कधी वाटायचं मराठीच आहे, मात्रा-वेलांट्या अगदी मराठीसारख्या, वाचायला जावं तर एक शब्द लागायचा नाही. संघमित्रा शेजारी बसून पडद्याकडे बघत होती. तिला तो चिवडा बघवत नव्हता, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही घरी जा. मी बापूंकडे जाऊन येते."

बापू जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. दुकान केव्हाच बंद केलं. बैठकीच्या भिंतीवर मानपत्रांची रांग, त्यात मधोमध एक मोठी पाटी, कुठल्याशा मंडळानं 'अक्षरसेवक' म्हणून गौरव केल्याची.

"ये पद्मा, बस. किती वर्षांनी. चहा घेशील ना?"

"बापू, रश्मी पाहिजे."

"ती बंगळूरला असते."

"फॉन्ट, बापू."

ते हसले. "तो कुठला आता? मशीन भंगारात दिलं की."

"कॉपी?"

"कॉपी ठेवली असती तर कुणीतरी उचलली असती. म्हणून तर ठेवलीच नाही." हे त्यांनी ज्या समाधानानं सांगितलं त्यानंच माझं डोकं फिरलं.

"कुठली अक्षरं कुठं बसवली होती, काही लिहून ठेवलंय?"

"छे. ते सगळं हितं." त्यांनी डोक्याला बोट लावलं. "आणि आता हितंही नाही. वय झालं."

"त्यात माणसांची पुस्तकं आहेत."

"अगं, ज्यांना काढायची होती त्यांनी काढली. कोणाचं काय अडलंय?"

"शाहीर भिकाजींची गाणी अडलीत."

त्यांनी जरा आठवून बघितलं. "कोण भिकाजी? हां, तो गिरणीतला. काय डोकं खायचा बाबा. सगळं जग एकदा धृपद लिहितं आणि पुढं नुसतं 'धृ' टाकून मोकळं होतं. ह्याला दर कडव्याखाली अख्खं धृपद पाहिजे. म्हटलं पानं वाढतात. तर म्हणतो, वाढू द्या, कडवं मी एकटा म्हणतो, धृपद लोक म्हणतात, लोकांना काटू नका. टाकलं शेवटी. बाकी वरचं फालतू सगळं काढून टाकायला लावलं पोरांना, तरी पानं वाढलीच."

"आणि त्यांचे कागद?"

"रद्दीत. तारेला किती दिवस टोचून ठेवणार?"

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? काम झाल्यावर कागद रद्दीतच जातात. तू काय नवीन आहेस का धंद्यात?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "असली गाणी पायलीची पन्नास मिळतात, पद्मा. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

तोवर चहा आला होता. मी कपाला हात लावला नाही. उठले आणि म्हणाले, "बापू, त्या पाटीवरून तेवढा अक्षर हा शब्द काढून घ्या." ते पुन्हा हसले. म्हणाले, "अजून तशीच आहेस." मी मोठ्यानं भांडले असते, दार आपटलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्यांच्या हसण्यानं माझा राग माझ्याच घशात राहिला.

रिक्षात बसले. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना अजून शिव्या घालत होते. लोकांना काटू नका म्हणे. आणि एकदम जागच्या जागी ताठ झाले. धृपद. दर कडव्याखाली अख्खं. म्हणजे त्या चिवड्यात दर चार ओळींनी एक ओळ जशीच्या तशी परत येत असणार. अक्षरं कितीही हलवा, दोन शब्दांमधली मोकळी जागा कुणी हलवत नाही. एखाद्या गाण्याचं धृपद मला कळलं, तर त्याच्या शब्दांच्या लांबीवरून ते त्या ढिगाऱ्यात सापडेल. आणि एक ओळ सापडली की तेवढी अक्षरं फुटली. बापूंचं कुलूप त्या हट्टी माणसाच्या धृपदानं उघडणार होतं, आणि ते मला बापूंनीच, कुरकुर करत, सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संघमित्रा आईला घेऊन आली. गयाबाई. वाळलेल्या अंगाची, नऊवारी, डोळ्याला मोठा चष्मा. मशीनसमोर गायला लाजत होत्या.

"हितं कसं म्हनायचं बाई? ना ढोलकी ना मानूस."

"मी माणूसच आहे की," मी म्हणाले.

मग त्यांनी सुरू केलं. आवाज चिरका झाला होता, पण ताल पक्का.

"लेक निघाली शाळंला, वाट सोडा की..."

मी पडद्यावर शोधायला लागले. सहा शब्दांची ओळ, शेवटचा शब्द एवढासा, दर कडव्यानंतर परत येणारी. मी म्हणाले, "थांबा, थांबा. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ पुन्हा म्हणा."

"मधनं न्हाय येत मला. पैल्यापासनं म्हनावं लागतंय."

"नुसती एक ओळ, मावशी."

"न्हाय येत बाई. दोरीचा गुता असतोय, मधीच वडला तर तुटतोय."

मग प्रत्येक शंकेला त्या गाणं पहिल्यापासून म्हणायच्या. मी आधी वैतागले, तोंडावर दिसत असणार, कारण संघमित्रा मला पाणी देऊन गेली. नंतर लक्षात आलं की त्या ज्या ज्या वेळी पहिल्यापासून म्हणतात त्या वेळी एकही ओळ चुकत नाही. मध्येच तोडलं की चुकतात. मग मी तोंड मिटून घेतलं आणि नान्ना माग चालू असताना बसायचे तशी, हात थांबवून, ऐकत बसले.

ते धृपद सापडलं. शेवटून चौथं गाणं. ल सापडला, क सापडला, काना सापडला. हळूहळू कडवी फुटायला लागली. मग दुसरं गाणं, गिरणीच्या भोंग्याचं. त्यातून भ आणि ग. रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की मायलेकी यायच्या. गयाबाईंना एखादी ओळ आठवली नाही की ती आता पडद्यावर असायची, आणि पडद्यावर एखादं अक्षर फुटलं नाही की ते गयाबाईंच्या तोंडात असायचं. गयाबाईंना वाचता येत नव्हतं. संघमित्रा वाचून दाखवायची आणि त्या मान हलवायच्या, "व्हय, ह्ये त्येंचंच हाय." एकदा म्हणाल्या, "लई दिसांनी आलं बग घरी." मी तेव्हा मुद्दाम माउस झटकत बसले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं.

धंद्यात मला अभिमान वाटावं असं एवढं एकच काम माझ्या हातून झालं, असं मी म्हणणार होते. इथपर्यंत लिहून थांबायचंही ठरवलं होतं. संपादकांना आवडलं असतं.

पण सगळी गाणी नव्या हजेरीपटावर बसवून झाल्यावर गयाबाईंनी विचारलं, "वरली चाल ल्हिली का बाई?"

"कुठली चाल?"

"गान्याच्या वरल्या अंगाला ल्हायचे ते. चाल अमकी. ही पाळन्याची, ही सुगीतल्या भलरीची. मला वाचाया येत न्हाय, पर मला दावायचे, ही बग चाल, ह्याबिगर गानं मुकं."

मी फाइलमध्ये वर गेले, खाली आले. एकाही गाण्यावर चाल नव्हती. आणि तेव्हा मला बापूंचं वाक्य आठवलं. वरचं फालतू सगळं काढून टाकायला लावलं पोरांना. पानं वाढतात म्हणून. गाण्याचा गळा कापला आणि त्याला फालतू म्हणाले. आता कागद रद्दीत, आणि कागदावरची ती एक-एक ओळ कुठल्याच फॉन्टात नाही. ती टाइपच झाली नव्हती, तर कुलूप उघडून सापडणार कुठून?

ज्या गाण्यांची चाल गयाबाईंच्या गळ्यात होती, ती त्यांनी सांगितली आणि मी लिहिली. राहिलं एक. फाइलमधलं अगदी शेवटचं. ते गयाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं. भिकाजींचा घसा आजारात गेला होता, शेवटी बोलणंही बंद झालं होतं. त्या दिवसांत लिहून त्यांनी तो कागद कुणाच्या तरी हाती दुकानात पाठवला असणार. संघमित्रानं वाचून दाखवलं.

"आवाज माझा बसला, आता तुमी म्हना की,
धृपद हुतं तुमचंच, माघारी घ्या की."

पुढे चार कडवी, आणि प्रत्येक कडव्याखाली ते धृपद, पूर्ण.

गयाबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी ते शाळेच्या गाण्याच्या चालीवर म्हणून बघितलं. दोन ओळी बसल्या, तिसरी लांब पडली. भोंग्याच्या चालीवर म्हणून बघितलं, तर पहिलीच ओळ बसली नाही. पाळण्याच्या चालीवर तिसऱ्या कडव्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हितं त्ये दम घ्यायचे," त्या म्हणाल्या. "पर कुटल्या शबुदावर, त्ये चालीत हाय."

पुस्तक निघालं. त्या आधी ज्या प्रेसमध्ये गेलो तिथला माणूस म्हणाला, "युनिकोड चालत नाही आमच्याकडं, आमच्या फॉन्टमध्ये करून आणा." तिथे मी काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. दुसरीकडे छापलं. फाइल आणि फॉन्ट दोन्ही संघमित्राकडे आहेत, दवाखान्यातल्या तिच्या मैत्रिणीकडेही आहेत, आणि ज्याला पाहिजे त्याला मी देते.

पुण्यस्मृतीच्या कार्यक्रमाला मी गेले होते. सगळी गाणी झाली. धृपद आलं की मांडवातली माणसं उचलायची, बायका, म्हातारे, सगळे, तेव्हा कळलं की लोकांना काटू नका म्हणजे काय. शेवटचं गाणं संघमित्रानं नुसतं वाचलं. तुमी म्हना की, असं ती प्रत्येक कडव्याखाली वाचत होती, आणि एवढी माणसं समोर तोंड उघडून बसली होती आणि कुणालाच ते म्हणता येत नव्हतं.

पुस्तकात मी त्या गाण्यावर ठळक अक्षरात 'चाल :' असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. प्रेसवाल्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा तसंच ठेवायला सांगितलं. अजून त्यावरून फोन येतात. परवा एका शिक्षकांचा आला. भला माणूस, पुस्तकाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "बाई, शेवटच्या गाण्यावर चाल लिहिलंय आणि पुढचं छापायचं राहून गेलंय. पुढच्या आवृत्तीत तेवढं दुरुस्त करून घ्या."

"राहून गेलं नाही सर," मी म्हणाले. "रद्दीत विकलं." आणि फोन ठेवला.